हॉलच्या फरशीचं पॉलिश

हातात घेतलेलं काम अर्धवट पडलेलं मला बघवत नाही. शेवटचा माणूस जेवत असतानाच मी कढई घासायला घेते असं नवरा म्हणतो, आणि त्यात फारसं खोटं नाही. त्यामुळे मुलीला धुळीची ॲलर्जी आहे, खालच्या मजल्यावरचं कार्पेट काढलेलं बरं, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मी त्याच शनिवारी कटर घेऊन हॉलचा एक कोपरा फाडला. नवरा फोनवर बोलत जिन्यात उभा होता. त्याने एकदा खाली पाहिलं आणि बोलतबोलतच वर निघून गेला.

कार्पेटखाली काँक्रीट निघालं. इथे परदेशात, मॉरिसव्हिलमधल्या आमच्या रांगेतली सगळी घरं अशीच थेट जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर उभी आहेत. करडी जमीन, त्यावर वाळलेल्या डिंकाचे पट्टे, भिंतीकडेने खिळ्यांची भोकं, कधीतरी सांडलेला पांढरा रंग. मी टाइल्सची चौकशी केली, लाकडाची केली. शेवटी ऑफिसातल्या एकाने सुचवलं की आहे तेच काँक्रीट घासून पॉलिश करून घे, वर काही बसवायलाच नको. मला ते पटलं आणि मी लगेच कॉन्ट्रॅक्टर ठरवून टाकला.

काम सुरू व्हायच्या चार दिवस आधी बाबा आले. आई गेल्यापासून ते एक वर्षाआड नागपूरहून येतात आणि सहा महिने राहतात. या वेळी दारात बूट काढले, बॅग भिंतीला टेकवली आणि पाण्याचा ग्लास हातात घ्यायच्या आधी ते खाली बसले. उघड्या काँक्रीटवरून त्यांनी तळहात फिरवला.

"माल चांगला आहे," ते म्हणाले. "कोणाकडून करून घेऊन राहिली?"

मी काहीतरी उत्तर दिलं आणि चहा ठेवायला पळाले. मला तो विषयच टाळायचा होता. त्याचं कारण सांगायला मला इतकी वर्षं लागली आहेत, तर आता सांगूनच टाकते. माझ्या बाबांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरच्या फरश्या पॉलिश केल्या. मोझॅकच्या फरशीवर पाणी सोडायचं, दगड लावलेलं मशीन दिवसभर धरून ठेवायचं, आणि मशीन पोचत नाही त्या कोपऱ्यात उकिडवं बसून हाताने घासायचं. घरी यायचे तेव्हा गुडघ्यापर्यंत राखाडी चिखल वाळलेला असायचा. त्याच पैशांवर मी इंजिनिअर झाले. आणि कॉलेजच्या फॉर्मवर मी वडिलांचा व्यवसाय लिहिला कंत्राटदार. इथे आल्यावर ते 'कन्स्ट्रक्शनमध्ये होते' झालं. नवऱ्याला खरं माहीत होतं. मुलीला नव्हतं, आणि ती आता चौदा वर्षांची आहे.

कॉन्ट्रॅक्टर सोमवारी आला. पन्नाशीचा, शांत माणूस, एकटाच काम करणारा. त्याच्या मशीनला जाड पाइप होता आणि पाइपाला भलामोठा व्हॅक्यूम. पाणी नव्हतंच. काँक्रीट कोरडं घासायचं आणि धूळ जागच्या जागी ओढून घ्यायची, अशी इथली पद्धत. मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होते. अचानक खालचा आवाज थांबला. धावत खाली आले तर बाबा हातात मग घेऊन उभे, जमिनीवर पाण्याचं तळं, आणि कॉन्ट्रॅक्टर मशीनच्या वायरी उचलून धरतोय.

"त्याचं पाणी संपलं होतं," बाबा म्हणाले. "बिनपाण्याचा दगड जळते. मी म्हटलं, आपण टाकून द्यावं."

पाण्याच्या मशीनवर हयात घालवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण मला तेव्हा हे सुचलं नाही. मला दिसलं ते ओलं काँक्रीट आणि गेलेला अर्धा दिवस. "बाबा, प्लीज एका जागी बसा ना," मी म्हणाले, जशी मुलीवर खेकसते तशी. आणि कॉन्ट्रॅक्टरकडे वळून इंग्रजीत माफी मागितली. माझे वडील बांधकामाच्या बिझनेसमध्ये होते, मी म्हणाले, मशीनमधलं त्यांना काही कळत नाही. तो समजुतीने हसला. बाबा हातातला मग विसळायला गेले.

मला घाई होती ती रविवारची. इथल्या आमच्या दहाबारा कुटुंबांची महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी बुद्धवंदना असते. कोणी नागपूरचं, कोणी अमरावतीचं, कोणी पुण्याचं. या वेळी पाळी आमची होती. वंदनेला सगळे खालीच बसतात, त्यामुळे जमीन शुक्रवारपर्यंत तयार हवी होती. बुधवारी कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं की वाळण्यात वेळ गेल्यामुळे काम शनिवारच्या पलीकडे जाईल. घासण्यातली मधली एक पायरी गाळली तर शुक्रवारी संपेल, पण उजेड तिरपा आला की ओरखडे दिसतील. त्याने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. गुरुवारी दुपारी ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून काम बघत होते. मी कॉफी घ्यायला आले तशी त्यांनी मला खूण केली.

"त्याले सांग," ते म्हणाले, "घाई करून राहिला तो. आधीच्या दगडाची रेघ पुसली नाही अन् पुढचा बारीक दगड लावला. आता वरून कितीही चमकव, रेघ आत राहते."

कॉन्ट्रॅक्टरने मशीन थांबवून माझ्याकडे पाहिलं. काय म्हणतात तुझे वडील, त्याने विचारलं.

त्यांना तुझं काम फार आवडलं, मी सांगितलं.

त्याने बाबांकडे बघून अंगठा वर केला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. चुका सांगितल्यावर कुठला कारागीर असा खूश होऊन अंगठा दाखवत नाही, एवढं त्यांना नक्कीच कळत होतं. ते पायरीवर मागे सरकून भिंतीला टेकून बसले. मी कॉफी न घेताच वर गेले आणि मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते मला आजही आठवत नाही.

शुक्रवारी जमीन चमकत होती. रविवारी सकाळी मी सतरंज्या अंथरल्या, खिरीचं पातेलं गॅसवर ठेवलं, आणि मागच्या काचेच्या दारातून ऊन आत आलं. दारापासून सोफ्यापर्यंत बारीक गोलगोल ओरखडे उठले, एकावर एक. मी एक सतरंजी ओढून दाराकडे नेली. पलीकडे आणखी दिसले. सगळे येईपर्यंत मी त्या सतरंज्या पाच वेळा हलवल्या असतील.

वंदना झाली. खिरीचे वाडगे फिरले. एका मित्राने जमिनीचं कौतुक केलं, मग बाबांच्या शेजारी मांडी घालून बसला. "काका, तुम्ही काय करायचात नागपूरला?"

"कन्स्ट्रक्शनमध्ये होते," मी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं. बाबांनी घास गिळून तोंड उघडायच्या आत.

"अरे वा," तो म्हणाला. "माझे वडील गवंडी होते, काका. अमरावतीत अर्ध्या गल्लीच्या भिंती त्यांनी बांधल्यात यार."

इतक्या सहज म्हणाला. त्या हॉलमध्ये बसलेल्यांपैकी निम्म्यांचे आईबाप असेच कुठे ना कुठे राबलेले. ज्या लोकांपुढे लपवण्यासारखं काहीच नव्हतं, त्यांच्यापुढेही मी लपवलं, आणि तेही बाबा समोर बसलेले असताना. मला माझीच चीड आली. तरी मी बाहेर येऊन ते वाक्य दुरुस्त केलं नाही. खीर वाढत राहिले, कोणाला नको असतानाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर बाबा दारापाशी गुडघे टेकून बसले होते. बोटांनी चाचपत होते आणि पेन्सिलीने जमिनीवर खुणा करत होते. मुलगी त्यांच्याजवळ वाकून उभी होती.

"मॉम, ते न बघता सांगतात स्क्रॅच कुठे आहे. हाउ डज ही नो?"

मी भांडी लावायचं निमित्त करून निघून गेले. त्या आठवड्यात मी धड बसले नाही. कपाटं आवरली, आवरलेली पुन्हा आवरली. बुधवारी कॉन्ट्रॅक्टरला फोन केला.

तो गुरुवारी संध्याकाळी आला. ओरखडे बघून म्हणाला, मी तुला सांगितलं होतं. हो, मी म्हणाले, चूक माझी आहे. आता दोन पायऱ्या मागे जावं लागेल, तो म्हणाला, आणि मग त्याला पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. तो खाली बसला. एकेका खुणेवर त्याने टॉर्च तिरपा धरला. प्रत्येक ठिकाणी ओरखडा निघाला, साध्या नजरेला न दिसणारासुद्धा. हे कोणी केलं, त्याने विचारलं. मी बाबांकडे बोट दाखवलं. यांना कसं कळलं, तो म्हणाला.

बाबा जिन्याच्या पायरीवर होते, मुलगी त्यांच्या शेजारी.

ते बांधकामाच्या, मी सुरुवात केली. ते वाक्य मी अर्धवटच सोडलं. मग मी म्हणाले की हे माझे वडील, यांनी चाळीस वर्षं फरश्या पॉलिश केल्या. त्या दिवशी ते तुला हेच सांगत होते आणि मी तुला दुसरंच सांगितलं. इंग्रजीत हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते. मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

कॉन्ट्रॅक्टर उठला, हातमोजे काढले आणि हात पुढे करून बाबांकडे गेला. बाबाही उठले. त्यांनी त्याचा हात धरला, दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

"नागपूर," ते म्हणाले. "पॉलिश."

"पॉलिश," तो मान हलवत म्हणाला.

एक शब्द. त्याला तो पहिल्या दिवशीही कळला असता. मित्रालाही, मुलीलाही. आपलं काम सांगायला बाबांना माझी गरज कधीच नव्हती. इतकी वर्षं ते गप्प बसले होते ते मला लाज वाटते म्हणून.