अण्णांच्या ठोक्यांना सहावा घात

आता हा किस्सा ऐकून हसायचं असेल तर खुशाल हसा. आमच्या घरात मात्र अजून कुणी हसत नाही. कारण काय सांगू तुम्हाला, मी माझ्या सख्ख्या बापाच्या मरणाचा वार कंप्युटरवर काढला होता. गुरुवार, दुपारी जेवणाच्या सुमाराला.

मी चाकणला गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला आहे. गिअरबॉक्सला सेन्सर लावायचा, तो फिरवायचा आणि त्याच्या थरथरीचे आकडे कंप्युटरवर घ्यायचे, हे माझं काम. आकडे कधीच स्वच्छ येत नाहीत. शेजारून फोर्कलिफ्ट गेली तरी तिची खरखर त्यात मिसळते. मग त्या विखुरलेल्या ठिपक्यांमधून सॉफ्टवेअरकडून एक गुळगुळीत रेघ काढून घ्यायची, म्हणजे खरा कल दिसतो. रेघेला किती वळणं घेऊ द्यायची ते आपण ठरवायचं. गणितात त्याला घात म्हणतात. दुसरा घात, तिसरा घात. घात जितका मोठा, तितकी रेघ लवचिक, ठिपक्यांना धरून चालणारी. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं पुष्कळ विचार केला असणार.

तर आमचे अण्णा. लातूरकडे गावात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. त्यांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली आणि मी त्यांना थेरगावला माझ्या फ्लॅटवर आणलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वेळेवर द्या, बाकी काळजी करू नका. आता काळजी करू नका म्हटल्यावर कोण थांबतं? मी अण्णांच्या मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ बांधलं. ते त्याचा पट्टा सैल करायचे, आंघोळीला काढून ठेवायचे, परत घालायला विसरायचे. म्हणजे खरखर इथंही होतीच.

एका सोमवारी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी ते सगळे आकडे सॉफ्टवेअरमध्ये ओतले. ठोके रोज कमी होत होते. माझा घास तोंडातच राहिला. साधी सरळ रेघ नीट बसेना, म्हणून घात वाढवत गेलो. सहाव्या घाताला रेघ अशी बसली, जणू अण्णांनीच माप घेऊन शिवली होती. मग मी ती पुढच्या दिवसांवर वाढवली. ती खाली वळली, आणखी खाली गेली आणि गुरुवारी दुपारी शून्याला टेकली.

माणसाचे ठोके शून्य होणं म्हणजे काय, ते सांगायला सॉफ्टवेअर लागत नाही.

मी कँटीनच्या मागे जाऊन ताईला फोन लावला.

"डॉक्टर काय म्हणाले?" ताईनं विचारलं.

"डॉक्टरांचं सोड. गुरुवारच्या आत ये."

एवढंच बोललो. ताईला वाटलं, डॉक्टरांनीच हात टेकले. तिनं काकांना सांगितलं, काकांनी भावकीत सांगितलं. बुधवारी संध्याकाळी माझ्या हॉलमध्ये ताई, तिचे यजमान आणि अण्णांचे धाकटे भाऊ बापूकाका येऊन बसले. बापूकाकांच्या पिशवीत पांढरं कापड होतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "इथं ऐनवेळी कुठं हुडकत फिरावं?"

अण्णा पलंगावरून सगळ्यांकडे बघत होते. "काय रे, समदेच आलात? लगीन हाय का कुणाचं?"

 ताई स्वयंपाकघरात गेली आणि तिथून नाक ओढल्याचा आवाज यायला लागला. अण्णांना काय समजायचं ते समजलं.

गुरुवारी सकाळी त्यांनी मला एकट्याला जवळ बोलावलं. "डॉक्टर तुला काय बोलला ते मला सांगू नकोस. फकस्त एक सांग. दुखंल का रे?"

मी म्हणालो, "नाही अण्णा."

हे मी कुठल्या आकड्यांवरून काढलं, देव जाणे. त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. त्यांचा हात गार पडला होता. मला त्यातही गुरुवारच दिसत होता.

मग त्यांनी आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि सगळ्यांना समोर बसवलं. म्हणाले, जाताना मनात काही ठेवायचं नाही.

"जावईबापू, तुमी मानूस वाईट न्हाई. पर तुमच्याइतका आळशी मानूस मी जल्मात बघितला न्हाई." भावजींनी मान खाली घातली.

"ताई, तुझ्या हातचं वरण मला कधीच गोड लागलं न्हाई. तुला वाईट वाटंल म्हणून खात आलो."

ताई रडता रडता थांबली.

"आन बापू, पिशवीतलं कापड मी बघितलंय. सख्ख्या भावाला एवढं हलकं कापड आणलास?"

शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ह्यो एकटाच हुशार निघाला."

मी उठून गॅलरीत गेलो. डोळे पुसले आणि आमच्या लॅबच्या प्रमुख जोशी मॅडमना फोन केला. म्हणालो, "मॅडम, रजा हवी आहे. वडील आज दुपारी जाणार."

"कुठे?"

मग सगळं सांगितलं.  "फाइल पाठव," म्हणाल्या. पाठवली. जरा वेळानं त्यांचाच फोन आला.

"मी फक्त सहाऐवजी सातवा घात टाकला. आता तुझ्या वडिलांचे ठोके उद्या हजाराच्या वर जातायत. आकडे संपले की त्यापुढे रेघ कुठेही भरकटते. नवीन मुलांना हे तूच शिकवतोस ना?"

मी हो म्हणालो. मग त्यांनी विचारलं,

"त्यांना ठोके कमी करायची गोळी चालू आहे का?"

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, गोळी त्यासाठीच दिली आहे, ठोके कमी होऊन जिथं स्थिर व्हायला हवेत तिथंच आलेत, तब्येत उत्तम आहे. मी कठडा धरून उभा राहिलो. बाप जगणार होता, आणि आता हे आत जाऊन सांगायचं होतं.

आत गेलो आणि सांगितलं. डॉक्टर कधी काही बोललेच नव्हते, वार मीच काढला होता, आणि तो चुकला.

 बापूकाकांनी पिशवी पायानं खुर्चीखाली सारली. भावजी अण्णांकडे बघेनात, ताई कुणाकडेच बघेना.

 अण्णांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि शांतपणे म्हणाले, "ह्या तिघांला जे बोललो ते खरंच हाय, ते ऱ्हाऊ दे. तुला हुशार म्हणालो, तेवढं माघारी घेतो."