दारातलं तळं

“नाक उघडं ठेवा, रुसैल नाकानं ओळखायचं.” रुसैल म्हणजे इथली, आखातातली, कारखान्यांची वसाहत. कंपनीच्या बसचे आमचे ड्रायव्हर चाचा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे सांगत आणि खिडकीची काच सरकवत. हा बिस्किटांचा कारखाना, हा रंगांचा, हा साबणाचा. मी स्टोअरकीपर, रोज अल हैलहून त्यांच्या मागच्या सीटवर. उपाशी निघालो की बिस्किटांपाशी जीव कासावीस व्हायचा आणि रंगांपाशी भूकच मरायची. चाचा आता गावी परतलेत. नवा ड्रायव्हर काचा बंद करून एसी लावतो, आणि मला त्याचा राग येतो.

चाचा रत्नागिरीकडचे. वीस वर्षं इथे एकटे, चाची गावी. एकदा धो धो पाऊस झाला आणि कामगारांच्या खोल्यांसमोरच्या खड्ड्यात पाणी साचलं. चाचांनी फोटो काढून चाचींना पाठवला, ‘आमच्या दारातलं तळं.’ पंधरा दिवसांत पाणी आटलं, पण गावातलं कौतुक काही आटेना. माणूस सुखात आहे म्हणून चाची निर्धास्त झाल्या. मग खरं सांगणार कुठल्या तोंडानं? त्या फोनवर तळ्याची खुशाली विचारत आणि हे ‘मजेत’ म्हणत.

अन् एक दिवस चाचींचा व्हिजिट व्हिसा आला. चाचांची पाचावर धारण बसली. बसमध्ये जो तो सल्ला द्यायला लागला. तळं दुरुस्तीसाठी बंद आहे म्हणा, असं एकानं सुचवलं. दुसरा म्हणाला, सरळ समुद्रच दाखवा.

“खलास. ती पहिल्यांदा येतेय, खरं तेच दाखवनार,” चाचा म्हणाले. मी उतरताना मात्र मला हळूच म्हणाले, “ती पुन्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवेल का?”

चाची आल्या त्या शुक्रवारी संध्याकाळी ते त्यांना खड्ड्यापाशी घेऊन गेले. धीर द्यायला मीही होतो. कोरडा ठणठणीत खड्डा, चार बकऱ्या, फाटक्या पिशव्या. पलीकडे पत्र्याच्या खोल्या, एका दारात चाचांची लुंगी वाळत होती. चाची खड्डा सोडून त्या दाराकडेच बघत राहिल्या. त्यांनी डोळे पुसले.

“पानी किती होतं?” त्यांनी विचारलं.

चाचांनी मान खाली घालून कमरेला हात लावला.

चाचींनी बुरख्याचा घोळ वर धरला आणि जपून त्या खड्ड्यात पाऊल टाकलं.

“हात धरा,” त्या म्हणाल्या, “मला पोहता येत नाय.”