‘अवकाळी’ शब्दावर खटला भरणारे रंगनाथ सर

रंगनाथ सरांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली. आज त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो आहे, तरी ते भांडण मिटलेले नाही. संपादक मंडळाने हे लक्षात घेऊनच माझा लेख छापावा.

नांदूरघाटच्या शाळेत मी मराठीचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. चैत्राचे दिवस होते. उपसर्ग शिकवत होतो आणि फळ्यावर मी वाक्य लिहिले, ‘अवकाळी पावसाने शेतकऱ्यांची दाणादाण उडवली.’ तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, “कोन्त्या काळी पडायला पाह्यजे होता?” वळून पाहिले तर एक उंच, सावळे गृहस्थ काखेत पृथ्वीचा गोल धरून उभे. हे भूगोलाचे रंगनाथ सर, हे मला नंतर कळले. “पावसाळ्यात,” मी म्हणालो. “आन् चैत्रात दरसाल पडतो त्याचं काय? दरसाल येनाऱ्या पाव्हण्याला तुमी न सांगता आला म्हनता व्हय?” सगळा वर्ग खो खो हसला. नव्या शिक्षकाची अब्रू अशी पहिल्याच आठवड्यात गेली. सर मात्र गोल सावरत शांतपणे आपल्या वर्गावर निघून गेले.

तेव्हापासून ते मला ‘भाषावाले’ म्हणतात. आदराने म्हणतात असा माझा समज आहे, खात्री नाही.

सरांचे शास्त्र मी थोडक्यात सांगतो, कारण सर सांगू लागले तर जेवणाची वेळ टळते. पृथ्वी कललेली आहे. ती तशीच कललेली राहून सूर्याभोवती फिरते, म्हणून चैत्र-वैशाखात आपल्याकडे ऊन सरळ डोक्यावर पडू लागते. आपली काळी जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून वर चढते. त्यात उपसागराकडून ओल आली आणि वर उंचावर पश्चिमेचा गार वारा असला, की सकाळी कोरडे ठणठणीत असलेले आभाळ दुपार कलता कलता डोंगराएवढे उभे राहते. मग वारा, विजा, गारा. “पळस फुलतो, कैरी धरती, तसंच ह्ये बी वसंताचंच काम हाय,” सर म्हणतात. “तुमच्या धड्यात फकस्त कोकिळा बसती. इजा बसत न्हाईत, म्हून तुमी त्यान्ला वसंतातून हाकलून दिलं.” सर वर्गातही गावच्याच बोलीत शिकवत. त्यावर एका तपासणी अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला, तेव्हा सरांनी त्यांनाच दिवस-रात्र समान का होतात हे विचारले. आक्षेप पुढे गेला नाही.

या माणसाला चूक ऐकून गप्प बसता येत नाही. कुठेही येत नाही. एका कार्यक्रमात व्यासपीठावरून आमच्या भागातले पुढारी म्हणाले, “सूर्य जवळ आलाय, म्हणून एवढं ऊन तापतंय.” हजार माणसे माना हलवत होती. सर उभे राहिले. “साहेब, जवळ न्हाई, लांब चाललाय. सगळ्यात जवळ थंडीत अस्तो.” पुढारी हसले, लोक हसले, मुख्याध्यापकांना घाम फुटला. शाळेच्या नव्या खोल्यांचा अर्ज त्याच पुढाऱ्यांच्या हातात होता. सरांना बसवायला मी त्यांचा सदरा ओढत होतो, तर ते मलाच म्हणतात, “ओढता कावून? खोटं बोललो का मी?” आता काय बोलावे अशा माणसापुढे!

आमच्या घरानेही सरांपायी बरेच सोसले आहे. त्या काळी आमच्या गल्लीत फ्रीज एकट्या आमच्याकडे होता. एका चैत्रात गारपीट झाली. गारा थांबल्या न थांबल्या तोच सर स्टीलचा डबा घेऊन दारात हजर. माझ्या पत्नीने मुलांसाठी कुल्फी लावली होती. सरांनी ती बाहेर काढली आणि त्या जागी गारा ठेवल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात तापवलेल्या सुरीने त्यांनी एक गार मधोमध कापली आणि मुलांना आतली कडी दाखवली, कांद्यासारखी, एकात एक. “वाऱ्यानं हिला पुन्हा पुन्हा वर फेकलंय. प्रत्येक खेपेला बर्फाचा एक सदरा चढलाय.” मुले थक्क झाली, आणि खरे सांगायचे तर मीही दाराआडून पाहत होतो. पण कुल्फीचे पाणी झाले ते झालेच. पत्नीने सरांशी अबोला धरला. तेव्हा या गृहस्थांनी स्वतः चुलीपाशी बसून दूध आटवले, साच्यांत भरले आणि ते आमच्याच फ्रीजमध्ये लावायला घेऊन आले. साखर घालायला विसरले होते. आम्ही ती सगळी खाल्ली.

हे सगळे चालण्यासारखे होते. न चालण्यासारखा होता तो त्यांचा ससेमिरा. पाडवा झाला की सर गावाचा पिच्छा पुरवू लागत. ढग गडगडला की झाडाखाली थांबू नका, एवढे एकच वाक्य. ते हॉटेलात सांगत, पारावर सांगत, मयतीला गेले तरी सांगत. मोबाइल आल्यावर तर नाकी नऊ आले. ऐन दुपारी डोळा लागलेला असताना फोन वाजे. “भाषावाले, पश्चिमेला पाह्यलं का?” मी म्हणायचो, “सर, मी घरात झोपलोय.” “मंग झोपा. पर बाहीर कुनी असंल त्याला सांगा.” एकदा मी वैतागून विचारले, “आज वीज पडणार आहे का, हो की नाही तेवढे सांगा.” तर म्हणे, “शक्यता हाय.” जन्मात या माणसाने हो किंवा नाही म्हटलेले मला आठवत नाही.

मोबाइलच्या आधी, त्या कुल्फीच्या वेळी, त्यांच्या पत्नी कमलवहिनी रिकामे साचे न्यायला घरी आल्या होत्या, तेव्हा मी तक्रारीचा सगळा पाढा त्यांच्यापुढे वाचला. शब्दावरून चालणारे आमचे भांडणही सांगितले. त्यांनी साचे पिशवीत भरले. मग म्हणाल्या, “भाऊजी, यांची आई लहानपनीच गेली. मोठ्या वैनीनं वाढवलं यान्ला. वैशाखात रानात गेलत्या, ढग आला म्हून लिंबाखाली थांबलत्या. तिथंच झालं. तेराव्यापोतर जो आला त्यो म्हनला, अवकाळीनं नेलं. झाडाखाली थांबू न्हाई, ह्ये त्यान्ला कुनी सांगितलं न्हवतं, असं एक बी जन म्हनला न्हाई.”

त्यानंतर तो शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नाही असे मी ठरवले. पण सरांना कुणाची दया नको होती. मी गप्प बसलो तर तेच वर्तमानपत्र घेऊन येत आणि मथळ्यावर बोट ठेवून म्हणत, “बगा, तुमचा शब्द! असा शब्द कानावर पडला की मानूस बेसावध ऱ्हातो. त्याला वाटतं, ह्ये काय रोजचं न्हाई.” मी म्हणायचो, शब्द माझा नाही, लोकांचा आहे. मग पुन्हा जुंपायची.

माझ्या मुलीच्या, सुरेखाच्या लग्नाच्या दिवशी मात्र हद्द झाली. शाळेशेजारच्या मोकळ्या रानात मंडप होता आणि मोठ्या चिंचेच्या सावलीत पंगत मांडली होती. अक्षता पडल्या, ताटे वाढली, आणि सर मांडवात शिरले. “उठा, समदे शाळेत चला. ढग बगा त्यो.” लांब कुठे तरी गडगडत होते. मी हात जोडले, “सर, आज नको. पाहुणे धर्मापुरीचे आहेत.” “धर्मापुरीच्या मान्साला इजा वळखत न्हाईत व्हय?” एवढे बोलून त्यांनी शिपायाकडून किल्ल्या घेऊन शाळेच्या खोल्या उघडल्यासुद्धा, आणि लेकुरवाळ्या बायकांपासून सुरुवात करून अख्खी पंगत हलवली. भाताची पातेली माझ्या दोन भाच्यांनी उचलून आणली. सुरेखाचे चुलत सासरे आबा, मोठे बागायतदार, फेटा बांधलेले, पहिलीच्या बुटक्या बाकावर कसेबसे मावले. “मला काय बाराखडी शिकवता काय बे?” ते गरजले. यावर सरांनी काय करावे? खडू उचलला आणि फळ्यावर ढग काढला! वऱ्हाडी ताट मांडीवर घेऊन बसले होते आणि सर त्यांना शिकवत होते, वीज जमिनीकडे येताना उंच वस्तू कशी गाठते, झाडाखालचा माणूस का मरतो, पक्क्या खोलीत का जायचे. लेकीचे सासर पहिल्याच दिवशी रुसते की काय!

आणि पडले काय? चार थेंब. ढग माजलगावच्या अंगाला निघून गेला. दिंद्रुडला म्हणे बरा पाऊस झाला. चिंचेचे पानही हलले नाही. आबा तोंड फुगवून जीपमध्ये बसले. लोक सरांना वाट्टेल ते बोलले, मीही बोललो, आणि ते बोलणे मी परत घेतलेले नाही. सर म्हणाले, “न्हाई पडली. लई बरं झालं.” आणि बुंदी मागून घेतली.

पुढची बरीच वर्षे धर्मापुरीला गेलो की आबा विचारायचे, “काय म्हंतो तुमचा इजांचा मास्तर?” मी मान खाली घालायचो.

गेल्या वैशाखात दुपारी सुरेखाचा फोन आला. ती तान्ह्या लेकीला घेऊन रानात गेली होती. कैऱ्या उतरवायचे काम चालू होते आणि बायका आंब्याखाली भाकरी खायला बसल्या होत्या. गडगडले. आबा बांधावरून ओरडत आले, “उठा! झाडाखालून निघा आधी! भाकरी ऱ्हाऊ द्या!” बायका कुरकुरल्या, तशी त्यांनी एकीच्या हातातले फडके हिसकावून फेकले आणि सगळ्यांना विहिरीजवळच्या पक्क्या खोलीत कोंबले. दार लावले आणि कानठळ्या बसल्या. बाहेर येऊन पाहिले तर आंबा मधोमध चिरला होता. “अण्णा,” सुरेखा म्हणाली, “आबा त्या आंब्याकडंच बघत होते. म्हनत होते, त्या मास्तरनं मला बाकावर बसवलं होतं.”

मी धावत सरांकडे गेलो. धापा टाकतच सगळे सांगितले. सरांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “समदे आत होते? जनावरं?” एक म्हैस झाडाला बांधलेली होती, ती गेली, असे मी सांगितले. सर भडकले. “म्हैस सोडायला काय झालतं आबाला? एवढं शिकवलं त्ये वाया!” आणि चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत राहिले.

अशा माणसाचा गौरव कसा करायचा, हे मला खरोखर कळत नाही. शाल दिली तर उन्हाळ्यात लोकर कशाला, म्हणतील. मानपत्र दिले तर त्यातला वसंत तपासतील. दीर्घायुष्य चिंतावे, तर म्हणतील, “शक्यता हाय.” तरीही चिंतितो, आणि त्यात माझा स्वार्थ आहे. माझी नात आता चालायला लागली आहे. सारखी अंगणाबाहेर पळते, झाड दिसले की त्याच्याकडेच धावते. तिला लवकरच समजायला लागेल, आणि तिला समजावणे माझ्याने होणार नाही, कारण माझे घरात कुणी ऐकत नाही. ते काम तुमचे आहे, सर. तेव्हा तब्येत सांभाळा, भर दुपारी आभाळ बघत उन्हात उभे राहू नका, आणि तिच्या लग्नाची पंगत तुम्हीच उठवायला या.