‘येते’ म्हणून निघताना

तुम्ही शेवटचं कोणाच्या इंग्रजीला हसलात? आठवून पाहा, घाई नाही.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. माझे वडील, आप्पा, मेंढरं राखायचे आणि सोनपेठच्या आठवडी बाजारात पत्रकं वाटायचे. गायरान वाचवा, शाळेला शिक्षक द्या. त्या कागदांवर मी अक्षरं गिरवली. इंग्रजी बोलायला मात्र शिकले मेंढरांपुढे. आप्पांना त्यातलं काही कळायचं नाही, पण मी अडखळले की ते म्हणायचे, “बोल, बोल. मी ऐकायलोय.”

बी.एड. झाल्यावर मला दक्षिण कोरियातल्या एका खेड्यातल्या सरकारी शाळेत इंग्रजीची सहशिक्षिका म्हणून वर्षभराचं काम मिळालं. सोनपेठच्या स्टँडवर परभणीची एसटी लागली तेव्हा आप्पा म्हणाले, “तिथं मेंढरं न्हाईत. कोणापुढं बोलशील?”

“लेकरांपुढं.”

“लय हसली तर?”

“हसू द्या. येते, आप्पा.”

“ये.”

आपल्याकडे निघताना कोणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. हेच ‘येते’ पुढे माझ्या अंगाशी येणार होतं.

विमानतळापासून खेड्यापर्यंतचा बसप्रवास मी खिडकीला नाक लावून केला. डोंगरामागे डोंगर, आणि पायथ्याशी भाताची खाचरं, जणू कोणी हिरव्या सतरंज्या अंथरून ठेवल्या होत्या. माझ्या डोळ्यांना काळ्या रानाची आणि उन्हात पांढऱ्या पडलेल्या आभाळाची सवय. इतकं हिरवं मी एकदम कधी पाहिलं नव्हतं.

शाळा छोटीशी, मुलं मोजकीच. दारात सगळे बूट काढतात आणि आतल्या सपाता घालतात, मुख्याध्यापकसुद्धा. शाळा सुटण्याआधी मुलंच वर्ग झाडतात, फळा पुसतात. कुठल्या मुलाने झाडायचं आणि कुठल्या मुलाने बसून राहायचं, हे तिथे आडनाव ठरवत नाही. पहिल्या दिवशी मी झाडूकडे बघत नुसती उभी राहिले. मग एका मुलीने माझ्याही हातात एक झाडू दिला. तिचं नाव सोरा.

माझ्या वर्गातल्या मुख्य शिक्षिका हानबाई. दुपारी त्यांनी मला विचारलं, “बाप मोगोस्सोयो?” मी दचकले. बापाचं काय? मग त्यांनी हाताने घास दाखवला. ‘बाप’ म्हणजे भात. जेवलीस का, एवढंच त्या विचारत होत्या. त्याच दिवशी मैदानात सोरा “आप्पा!” म्हणून ओरडत एका माणसाकडे धावली. ते तिचे वडील. कोरियनमध्ये बाबांना आप्पाच म्हणतात.

संध्याकाळी फोनवर हे सांगितलं. “आप्पा, इथं बाप म्हणजे भात आन् आप्पा म्हणजे बाप.”

“म्हंजे मला खायलेत का काय तिथं?” पलीकडून हसण्याचा आवाज आला. “पर जेवलीस का, ते सांग.”

जेवत होते. मुलं, शिक्षक, मुख्याध्यापक, सगळे एकाच दालनात, एकाच पातेल्यातलं जेवायचे. किमची (मुरलेल्या कोबीचं तिखट लोणचं) खाताना मला ठेच्याची आठवण यायची.

पानगळीत गावातल्या झाडांवर नुसती केशरी फळं उरली. गाम (टोमॅटोएवढं गोड फळ). लोक ती उतरवतात, पण शेंड्यावरची काही तशीच ठेवतात. त्यांना म्हणतात क्काचीबाप (पाखरांचा भात). मग बर्फ पडलं. पांढऱ्या डोंगरापुढे काळी फांदी, तिच्यावर पेटल्यासारखी दोन-चार फळं आणि त्यांत चोच घालणारा पक्षी. मी थंडीने थरथरत होते, पण तिथून हलावंसं वाटेना.

सोराचे वडील याच फळांच्या बागेचे मालक. त्यांना मी पसंत नव्हते. ‘खऱ्या’ इंग्रजांच्या देशातली शिक्षिका हवी, असं ते उघड बोलत. मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं की पालकांसमोर माझा एक खुला वर्ग होईल, आणि करार वाढवायचा की नाही, ते त्यानंतर ठरेल. मला राहायचं होतं. खूप राहायचं होतं.

वर्ग झकास झाला. मुलांनी गोष्ट वाचली, प्रश्न विचारले. घंटा झाली आणि दारातून बाहेर पडताना मुलं एका सुरात म्हणाली, “टीचर, आय ॲम कमिंग!”

पालक हसले. मी गार पडले. रोज वर्गातून निघताना सवयीने मीच तसं म्हणत होते. ‘येते’चं इंग्रजी.

सोराचे वडील उठले. हानबाई हळू आवाजात मला अर्थ सांगत होत्या. “जाताना म्हणे येतोय! हे कुठल्या देशाचं इंग्रजी?”

“माझ्या गावाचं,” मी म्हणाले. “इंग्रजीत हे चुकीचं आहे, उद्या दुरुस्त करीन. पण सकाळी घरातून निघताना सोरा तुम्हाला काय म्हणते?”

हानबाईंनी ते कोरियनमध्ये विचारलं. दारातून सोराच ओरडली, “तान्योओगेस्सुम्निदा!”

जाऊन येते. शब्दाला शब्द, आपलंच वाक्य. मी तोंडावर हात ठेवला. दोन मुलखांमध्ये एवढा समुद्र, आणि उंबरठ्यावर दोन्हीकडची लेकरं एकच बोलतात!

पण करार वाढला नाही. आवाज गोऱ्या देशाचा हवा, एवढंच कारण. त्याचा राग मला आजही आहे आणि तो मी झाकणार नाही.

निघायच्या सकाळी बसथांब्यावर सोरा आली, सोबत तिचे वडील. त्यांनी वाळवलेल्या गामचा डबा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. तिथे मान द्यायचा तर दोन्ही हातांनी देतात. खाली बघत ते काही बोलले. एव्हाना मला तेवढी कोरियन कळत होती. “सोलमध्ये माझ्या बोलीला हसतात,” ते म्हणाले. “आणि मी तुम्हाला हसलो.”

“पुण्यात माझ्या बोलीला हसतात,” मी म्हणाले.

बस आली. तोंडातून आपसूक निघालं, “आय ॲम कमिंग.”

त्यांनी शब्द शोधले आणि ते इंग्रजीत म्हणाले, “टीचर. कम.”

व्याकरण गेलं खड्ड्यात. ते ‘या’ होतं.

परभणीहून एसटीने सोनपेठला उतरले तो बाजाराचा दिवस होता. आप्पा मला घेऊन चहाच्या टपरीवर थांबले. जिल्हा परिषद शाळेच्या गणवेशातली एक पोर धीर करून पुढे आली. “मॅडम, यू इज कम कोरिया?”

टपरीवर हशा पिकला. “आली बघा गोरी मडम!” कोणीतरी म्हणालं. पोरीची मान खाली गेली.

आप्पांनी कप ठेवला. “बोल, बाळा, बोल. आमी ऐकायलोय.”

तिने मान वर केली आणि पुढचा प्रश्न विचारला. तोही चुकीचा होता. आम्ही दोघांनी तो पूर्ण ऐकला.

आता तुमच्याकडे येते. या आठवड्यात तुमच्या गावच्या शाळेत जा. एखाद्या लेकराला म्हणा, इंग्रजीत काहीतरी सांग. ते चुकेल. हसू नका, मध्येच दुरुस्तही करू नका. फक्त म्हणा, “बोल, आमी ऐकायलोय.” आणि खरंच ऐका.