आबांच्या बंगल्यातले दोन भन्ते

मी संख्याशास्त्र शिकवते. एका उदाहरणावरून नियम बांधू नये, हे वाक्य दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते. किस्से मात्र नमुना म्हणून कुणी निवडत नाही. ते कपाटावरच्या जुन्या उत्तरपत्रिकांसारखे नकळत साचत जातात आणि एखाद्या दिवशी दार उघडलं की अंगावर येतात. आमच्या स्टाफरूममध्ये चहा झाला की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, त्या भन्तेंचं सांगा ना!"

सांगते. पण जेवढं मी स्वतः पाहिलं किंवा पडताळून घेतलं, तेवढंच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी दौंडच्या एका कॉलेजात नुकतीच लागले होते आणि केडगावला, स्टेशनच्या जवळ, आबांच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर राहत होते. आबा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. वरच्या मजल्यावर मी आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची संगीता. खालच्या मजल्यावर मागे आबा, आणि पुढच्या दोन खोल्या रिकाम्या. त्या खोल्यांत जून महिन्यात दोन बौद्ध भिक्खू राहायला आले. थोरले कोविद भन्ते ब्रह्मदेशाचे, पंचेचाळिशीचे. धाकटे सुजात भन्ते श्रीलंकेचे, जेमतेम चोवीस वर्षांचे. दोघेही पुण्याला पालीच्या एम.ए.ला होते. पुण्यातली भाडी परवडत नाहीत म्हणून गाडीनं ये-जा करायची, असा त्यांचा हिशोब.

* * *

पहिल्याच दिवशी आबांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, वर तुम्ही बायामाणसं, खाली हे बाप्ये. लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात कोविद भन्ते स्वतःच पुढे आले. ब्रह्मदेशात ते एका भारतीय शिक्षकाकडे हिंदी शिकले होते, आणि मराठी पुस्तकातून शिकत होते. अत्यंत सावकाश, एकेक शब्द मोजून टाकल्यासारखं ते म्हणाले, "आबा, अडचण आहे. ज्या घरात स्त्री राहते, त्या घरात आम्हाला झोपता येत नाही."

आबा बघतच राहिले. "म्हंजी आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त भ्या वाटतंय व्हय!"

मग मोजणी सुरू झाली. वरच्या मजल्याचा जिना बाहेरून होता, म्हणजे दार वेगळं. पण आतून एक जुना लाकडी दरवाजा खालच्या बोळातून वर उघडत होता. कोविद भन्तेंनी त्यावर हात ठेवला आणि निकाल दिला : एका दारानं जाता-येता येतं, म्हणून हे एकच घर. कुलूप चालेल का, असं मी विचारलं. "कुलपाला किल्ली असते," ते म्हणाले.

आबांनी गवंडी बोलावून ते दार विटांनी बुजवून घेतलं. प्लास्टर वाळेपर्यंत दोघेही अंगणात पथारी टाकून झोपले. तर्कात मला एकही फट सापडली नाही. मी शोधली होती!

* * *

संगीताचे वडील अण्णा जवळच्याच राहू गावचे. ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ आणि सोसायटीत शब्दाला वजन. पोरीला बाहेर शिकायला ठेवणारे त्यांच्या भावकीतले ते पहिलेच. भन्ते आल्याच्या तिसऱ्या आठवड्यात ते आले, फाटकातूनच दोघांना नखशिखान्त न्याहाळलं आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या भरवशावर पोरगी ठेवली. पुरुष ते पुरुष. तांबडी कापडं घातली म्हून काय झालं?"

मी त्यांना बुजवलेलं दार दाखवलं. त्यांनी ते बोटानं ठोकून पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या. पन ह्या घराबद्दल एक शब्द जरी राहूपत्तुर आला, त्या दिवशी पोरगी घरी. परीक्षा असू दे न्हाईतर काय बी असू दे."

संगीता जिन्यावर उभी राहून ऐकत होती. तिला केमिस्ट्रीत एम.एस्सी. करायचं होतं. मला तिनं हे सांगितलं होतं, घरी अजून नाही. त्या दिवसापासून आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट मी एकाच मापानं मोजू लागले : ही राहूपर्यंत जाईल का?

* * *

पावसाळ्यात अंगणात गाजरगवत माजलं. आबा म्हणाले, "भन्ते, सकाळी मोकळं असता, जरा उपटून टाका की."

भन्तेंना गवत उपटता येत नाही, झाडाचं पान तोडता येत नाही, जमीन खणता येत नाही. 'उपटा' असं दुसऱ्याला सांगताही येत नाही! मात्र जे आहे ते लक्षात आणून देता येतं. म्हणून कोविद भन्ते गवतापाशी उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "आबा, हे गवत तुम्हाला माहीत असू द्या."

"माहीत हाय की! म्हणूनच तर तुम्हाला सांगतोय!"

"आता तुम्हाला आणखी चांगलं माहीत झालं."

आबांनी कपाळावर हात मारला आणि खुरपं उचललं. पण पद्धत त्यांना फार आवडली असावी. पंधरा दिवसांनी माझ्या दाराशी येऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्या जिन्यावरचा बल्ब गेलाय. तुम्हाला माहीत असू द्या."

* * *

कोविद भन्तेंना त्रिपिटकाचा एक अख्खा खंड पाठ आहे, असं सुजात भन्ते अभिमानानं सांगत. 'पाठ आहे' या विधानाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. मी पुण्याच्या ग्रंथालयातून तो खंड देवनागरी लिपीत आणला आणि रविवारी सकाळी अंगणात पेन्सिल घेऊन बसले. सुजात भन्ते बाजूला होतेच.

भन्ते म्हणत गेले, मी ओळीवर बोट फिरवत गेले. पहिला तास गेला. दुसरा गेला. तिसऱ्या तासाला, मला कबूल करायला हवं, आनंदच झाला : त्यांनी एक वाक्य असं म्हटलं, जे माझ्या पुस्तकात नव्हतं! मी समासात खूण केली आणि शेवटी त्यांना दाखवली.

त्यांनी पान पाहिलं. "इथे एक ओळ छापायची राहिली आहे," ते म्हणाले. आवाजात विजय नव्हता, तक्रारही नव्हती. "पाऊस येतोय" असं कुणी म्हणावं, तसं.

पुढच्या शनिवारी मी ग्रंथालयात दुसरी आवृत्ती काढली. ओळ तिथे होती. शब्दन् शब्द. 

* * *

दिवाळीनंतर संगीता ऑरगॅनिक केमिस्ट्रीत अडकली. कोविद भन्ते चीवर घेऊन भिक्खू होण्यापूर्वी शाळेत विज्ञान शिकवत होते, हे कळल्यावर तिनं हट्टच धरला. पण नियम आडवा आला : समजूतदार पुरुष हजर असल्याशिवाय भिक्खूनं स्त्रीला पाच-सहा वाक्यांपेक्षा जास्त शिकवू नये. नियम धर्म शिकवण्याचा आहे, रसायनाचा नाही, असा मुद्दा मी मांडला. भन्तेंनी तो ऐकून घेतला आणि आबांसाठी खुर्ची मागवली.

रोज संध्याकाळी, अंगणात, रस्त्यावरून दिसेल अशा जागी तास चाले. अडचण एवढीच की, बेंझिनच्या कड्यापाशी आबांना हमखास डुलकी लागे. आबांचे डोळे मिटले की, भन्ते वाक्याच्या मध्यात थांबत. अगदी क्रियापदाच्या अलीकडे!

"आबा!" संगीता मुद्दाम जवळ ठेवलेलं ताट बडवायची. "उठा ना! रिअ‍ॅक्शन अर्धी राहिलीय!"

"जागाच हाय मी. चालू द्या गाडी."

मार्च येईपर्यंत संगीता वर्गात पहिली होती. आबांनाही पाव डझन अभिक्रिया येत होत्या, आणि त्या ते स्टेशनवर लोकांना ऐकवत. तिथेच घात झाला. आबांच्या तोंडून निघालेली गोष्ट स्टेशनवरून बाजारात गेली, बाजारातून ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर बसली आणि राहूला पोचली तेव्हा तिच्यातून आबांची खुर्ची गळून गेली होती. उरलं एवढंच : भन्ते संगीताला रोज संध्याकाळी शिकवतात.

* * *

अण्णा आले तो दिवस संगीताच्या पहिल्या प्रॅक्टिकलचा होता. मला ताप होता म्हणून मी घरी होते. आबा पेन्शनच्या कामाला दौंडला आणि सुजात भन्ते पुण्याला गेले होते.

आदल्या संध्याकाळी संगीताच्या भावानं समोरच्या एसटीडी बूथवर फोन करून तिला सांगितलं होतं : तुझ्या शिकवणीची गोष्ट गावात पोचलीय, केंदूरहून स्थळ आलंय, परवा बघायला येणार आहेत, अण्णा उद्या तुला न्यायला निघालेत. प्रॅक्टिकल चुकलं तर वर्ष गेलं. पोरीनं सकाळी मला आणि कोविद भन्तेंना सगळं सांगितलं आणि चौफुल्यावरून शिरूरची पहिली एसटी पकडली. परीक्षेचं केंद्र त्या वर्षी शिरूरला होतं. अण्णांना ते माहीत नव्हतं. ते आधी दौंडला तिच्या कॉलेजात जाऊन, तिथे कुलूपबंद प्रयोगशाळा पाहून, तापून आले होते.

"मॅडम!" त्यांनी अंगणातून हाक मारली. मी कठड्यापाशी आले. "पोरगी कुठल्या कॉलेजात गेलीय?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणाले.

"तुम्ही एवढ्या मास्तरीणबाई, आन् तुम्हाला ठाव न्हाई?"

ते ओट्यावर बसलेल्या कोविद भन्तेंकडे वळले. "तुम्ही साधू मानूस. तुम्ही खोटं बोलत न्हाई म्हनत्यात. पोरगी कुठं हाय, तुम्हाला ठाव हाय का?"

"हो," भन्ते म्हणाले. "मला माहीत आहे."



"मग सांगा!"

"सांगणार नाही."

अण्णांना असं उत्तर आयुष्यात कुणी दिलं नसावं. "मी बाप हाय तिचा!"

"हो. म्हणून खोटं सांगितलं नाही."

"मग ती येईस्तोवर मी बी इथनं हलत न्हाई!" अण्णा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. भन्ते जागचे हलले नाहीत. दोघांच्या मध्ये एक पितळी डबा होता.

डबा शालनबाईंचा. स्टेशनपलीकडच्या बौद्ध वस्तीतली घरं आळीपाळीनं भन्तेंना जेवण देत. शालनबाईंना आठची गाडी गाठायची असे. त्या ओट्यावर डबा ठेवून पळत, आणि अकरा वाजता आबा तो उचलून भन्तेंच्या हातात देत. कारण ठेवलेलं अन्न भिक्खूला उचलून घेता येत नाही, ते कुणीतरी हातानं द्यावं लागतं. आणि बारानंतर काही खाता येत नाही. ते एकच वेळ जेवत. आबा आज नव्हते, हे माझ्या तापलेल्या डोक्यात साडेअकराला शिरलं. मी कठडा धरून जिना उतरू लागले.

तिसऱ्या पायरीवर अण्णांचा आवाज ऐकू आला. "तुमची जेवायची येळ झाली न्हाई का?"

"झाली."

"मग डबा तर म्होरं हाय."

"ठेवलेला आहे. कुणी दिला नाही."

"आन् बारा वाजल्यावर?"

"उद्या."

अण्णांनी आत वाकून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं. "कुनाच्या घरचा हाय?"

"शालनबाईंच्या."

"वस्तीवरल्या?"

"हो."

मी तिथेच थांबले. खाली जाऊन डबा देणं हे माझं काम होतं, आणि माझा पाय पुढे पडत नव्हता. बाराला दहा कमी झाले. भन्ते डब्याकडे पाहत नव्हते आणि अण्णांकडेही पाहत नव्हते. चेहऱ्यावर भूक नव्हती की अपेक्षा नव्हती. मी नीट पाहिलं होतं.

अण्णा उठले. मला वाटलं, निघाले. ते नळावर गेले, हात धुतले, धोतराला पुसले. परत आले आणि दोन्ही हातांनी डबा उचलून भन्तेंच्या हातात दिला.

भन्ते जेवले. अर्ध्यातच थांबून त्यांनी उरलेल्या दोन भाकरी आणि पिठलं अण्णांपुढे सरकवलं. "उरलेलं आम्हाला उद्यासाठी ठेवता येत नाही," ते म्हणाले. "तुम्ही पहाटेपासून उपाशी आहात."

अण्णांनी एकदा फाटकाबाहेर रस्त्याकडे पाहिलं. मग मांडी घातली आणि भाकरी मोडली.

जेवण झाल्यावर ते पुन्हा नळावर गेले. राख मागायला त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांना मी दिसले. मी राख आणून दिली. राहूच्या त्या माणसानं शालनबाईंचा डबा घासला, विसळला आणि ओट्यावर उपडा घातला. त्यानंतर पाच वाजेपर्यंत दोघे ओट्याच्या दोन टोकांना बसून होते.

पाच वाजता संगीता फाटकात आली आणि बापाला पाहून जागीच थिजली.

"कसं गेलं?" अण्णांनी विचारलं.

"बरं."

"अजून किती ऱ्हायलं?"

"दोन प्रॅक्टिकल. मग थिअरी."

"देऊन ये समदं. केंदूरवाल्यांना मी सांगतो काय सांगायचं ते."

त्यांनी टोपी घातली, डबा उचलला आणि भन्तेंकडे वळले. "ह्या शालनबाईचं घर कुठं हाय? का हे बी सांगनार न्हाई?"

भन्तेंनी सांगितलं. अण्णा डबा छातीशी धरून रेल्वेचं फाटक ओलांडून गेले.