दुसऱ्या गिअरवरचे आतोबा

जीव कसा जपावा हे ज्याला शिकायचं होतं त्यानं त्या काळी बेंगळूरला, मल्लेश्वरमात येऊन माझ्या आतोबांना पाहायला हवं होतं. आणि जीव कसा धोक्यात घालावा हे बघायचं असेल तर त्यालाही दुसरीकडे जायचं कारण नव्हतं. हा माणूस भर एप्रिलात कानाला मफलर गुंडाळायचा, नळाचं पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळून प्यायचा, रात्री केळं म्हटलं की हात जोडायचा आणि एक शिंक आली की कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊन छाती तपासून घ्यायचा. एवढं सगळं झालं की मग रोज सकाळी एका दणदणीत फटफटीवर बसून, जी त्याला धड चालवता येत नव्हती, साऱ्या संपिगे रोडला देव आठवायला लावत कचेरीला जायचा. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला काळी टोपी, आणि धोतराचे सोगे सायकलच्या क्लिपांनी पोटऱ्यांना आवळलेले. त्या अवतारात ते फटफटीवर बसले की रस्त्यावरची अनोळखी माणसं हसायची आणि आम्ही ओळखीचे लोक हसत नसू.

आतोबा मूळचे असे नव्हते. मूळचे आतोबा म्हणजे बेफिकिरीचा कळस. आमची दोन्ही घराणी कधीकाळी मराठ्यांच्या फौजेबरोबर या मुलखात उतरली आणि इथलीच झाली, आणि त्यांच्या घराण्यात तेव्हापासून म्हणे पंचावन्नाच्या पुढे एकही पुरुष गेला नव्हता. वडील चोपन्नाव्या वर्षी गेले, आजोबा त्रेपन्नाव्या. ही गोष्ट ते दुसरा कोणी घरातला जमीनजुमला सांगेल तशा थाटात सांगायचे. त्यामुळे प्रकृतीची काळजी म्हणजे त्यांना शुद्ध उधळपट्टी वाटे. डॉक्टरांनी तळलेलं बंद करायला सांगितलं त्या संध्याकाळी ते मला गांधी बाजारापर्यंत चालवत घेऊन गेले आणि आम्ही दोघांनी मिळून मिरचीभजी खाल्ली, त्यातली माझ्या वाट्याला दोन आली. आत्या कपाळाला हात लावायची. "आलेला दिवस ढकलायचा कशाला गं? स्वल्प ऐसपैस जगतो," एवढंच ते, 'जरा'च्या जागी कानडी 'स्वल्प' घालून, म्हणायचे. मूलबाळ नव्हतं. आत्याला पेन्शन मिळेल एवढी सोय झाली होती आणि बाकी कशात जीव अडकलेला नव्हता.

तो अडकला वसंताच्या फटफटीत. वसंता हा त्यांच्या मागच्या दोन खोल्यांतला भाडेकरू, निपाणीकडचा, कारखान्यात फिटर होता आणि बोलण्यात कानडी-मराठीची अशी काही सरमिसळ करायचा की आतोबा त्याला मुद्दाम बोलतं करायचे. त्याला एकच वेड, नवी कोरी मोटरसायकल घ्यायची आणि जोगचा धबधबा, तिथून घाट उतरून कारवारचा समुद्र आणि तिथून थेट निपाणीत आईच्या दारात जाऊन उभं राहायचं. मद्रासहून गाडी यायची, नंबर लावून वर्ष-वर्ष थांबावं लागायचं. वसंताचा नंबर लागला तेव्हा त्याचं लग्नही ठरलं होतं. पैसे अर्थातच नव्हते. सिटी मार्केटजवळच्या एका पेढीनं गाडी हप्त्यांवर द्यायचं कबूल केलं, पण जामीन सरकारी नोकर हवा म्हणाले. आतोबांनी सही केली. आत्या रागावली तर म्हणाले, हप्ते तीन वर्षांत फिटतात, तेवढा तर मी असेनच. गाडी आणि त्याची बायको कुसुम, दोघी एकाच महिन्यात त्या मागच्या खोल्यांत आल्या. वसंतानं गाडीला मागे जाडजूड कॅरिअर बसवलं, पुढे लोखंडी गार्ड लावलं, रबरी पिशवीत नकाशा ठेवला आणि रजेचा अर्ज दिला. रजा मंजूर झाली त्याच आठवड्यात येलहंक्याच्या रस्त्यावर संध्याकाळी दिवे न लावलेल्या एका लॉरीनं त्याला उडवलं. वसंता जागच्या जागी गेला. गाडी बाजूच्या नाचणीच्या शेतात पडली होती आणि तिची फक्त दिव्याची काच फुटली होती.

ही काच तेवढी फुटली आणि बाकी गाडीला ओरखडाही नाही, हेच लोकांना सहन झालं नाही. तेराव्याला वसंताची आई आली होती. बिचारीचं काळीज फाटलं होतं, तिला मी आजही दोष देत नाही. पण सगळ्यांच्या देखत ती बोलली. "दोघीबी एकाच म्हयन्यात घरात आल्या, दोघींनी मिळून माझा पोरगा खाल्ला." एवढं बोलून ती मंडळी निपाणीला परत गेली आणि कुसुमला मागेच ठेवून गेली. तिला आईबाप नव्हते, भावानं पत्राला उत्तर दिलं नाही. ती एकोणीस-वीस वर्षांची पोर मागच्या खोलीत बसून राहायला लागली. सकाळी कोणी कामाला निघत असलं की दार लावून घ्यायची, आपलं तोंड कोणाला आधी दिसू नये म्हणून. लोक बोलतात ते बोलतात, त्यांच्या तोंडाला हात कोण लावणार? पण आत्यानं एकदा मला हळूच सांगितलं, ते सगळं त्या पोरीला खरंच वाटतं म्हणून. ती रोज रात्री आत्याची माफी मागायची.

पुढे पेढीचा माणूस आला. गाडी परत करा, आम्ही विकू, तुम्ही सुटलात, म्हणाला. तसा माणूस भला होता. आत्या, मी, शेजारचे रिटायर्ड सबरजिस्ट्रार, सगळ्यांनी आतोबांना सांगितलं की ती ब्याद घरातून जाऊ द्या. आतोबा पायरीवर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "दोघी एकाच महिन्यात आल्या म्हणता ना? सरी, ठीक. मग एकीचा निकाल लागला की दुसरीचाही लागला. हप्ते मी भरतो, गाडी मी चालवतो, आणि मी मरत नाही." आम्हांला वाटलं दुःखानं बोलताहेत. त्यांनी दुसऱ्या दिवशी गाडी स्वतःच्या नावावर करून घेतली आणि त्याच संध्याकाळी लोकरीचा मफलर विकत आणला.

आता कल्पना करा, ज्याला मरणाचं काही वाटत नव्हतं त्या माणसाला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी एकाएकी मरायची बंदी झाली. आणि नुसतं गाडीवरून पडून नव्हे, कशानंच मरायची सोय राहिली नाही. कावीळ होऊन गेले असते तरी लोकांनी गाडीचंच नाव घेतलं असतं, आणि गाडीचं म्हणजे कुसुमचं. त्यामुळे भजी बंद, तपकीर बंद, थंड पाण्याची आंघोळ बंद. सर्कसचा खेळ बघायला नेलं तर तंबू कोसळला तर काय म्हणून अर्ध्यातून उठून आले. नारळाच्या झाडाखालून जाणं त्यांनी सोडलं, आणि मल्लेश्वरमात नारळाचं झाड टाळून जायचं म्हणजे प्रत्येक रस्त्याला वळसा. एकीकडे हे, आणि दुसरीकडे ती फटफटी. अठराव्या क्रॉसच्या, म्हणजे अठराव्या आडरस्त्याच्या, मैदानावर मी त्यांना शिकवायला जायचो. मला स्वतःला जेमतेम येत होती. अंगकाठी अशी किरकोळ की किक त्यांच्यानं बसेना. किक मारली की गाडी जागेवर आणि आतोबा वर. अखेर किक शेवटपर्यंत मीच मारायचा करार झाला, त्यासाठी रोज सकाळी दोन क्रॉस चालत जायचो. दुसऱ्या गिअरच्या पुढे ते कधी गेले नाहीत. तिसरा का टाकत नाही म्हणून विचारलं तर म्हणाले, तिसरा म्हणजे लोभ. हॉर्न वाजवणं त्यांना उद्धटपणाचं वाटे, म्हणून माणूस, गाय, टांगा, जे पुढ्यात येईल त्याला ते ओरडून "स्वल्प सरीरी" म्हणून बाजूला व्हायची विनंती करायचे, आणि चौक आला की उतरून गाडी ढकलत पलीकडे न्यायचे. मग तिथला कोणीतरी बिचारा ती पुन्हा चालू करून द्यायचा.

पण निघायची वेळ त्यांनी निवडून घेतली होती. सोमवारी सकाळी साडेसात ते नऊ राहुकाळ. आमच्याकडे त्या वेळात माणूस साधी भाजीही आणायला जात नाही. आतोबांनी पहिला दिवस सोमवार धरला आणि वेळ सव्वाआठ. गाडी फाटकाशी लावून त्यांनी कुसुमला हाक मारली. ती काही येईना. आत्यानं आत जाऊन सांगितलं तर ती रडायला लागली. आतोबांनी मला किक मारू दिली नाही. मफलर, टोपी, क्लिपा अशा थाटात ते गाडीजवळ उभे राहिले ते उभेच राहिले. नऊ वाजले, साडेनऊ झाले, छापखान्यात वीस वर्षांत ज्याला कधी लेटमार्क नाही तो माणूस त्या दिवशी गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कुसुम दारापर्यंत आली आणि पदर तोंडावर ओढून उभी राहिली. आतोबा तिला म्हणाले, "बाळ, पदर काढ. मला बघू दे नीट. मी जातो आणि संध्याकाळी परत येतो. तू सकाळी समोर यायचं आणि संध्याकाळी मोजून घ्यायचं, आलो की नाही. एवढंच आपलं दोघांचं काम." तिनं पदर काढला. मी किक मारली. तो अख्खा दिवस आत्यानं अन्नाला शिवलं नाही, कुसुम पायरीवरून हलली नाही, आणि संध्याकाळी गल्लीच्या टोकाला "स्वल्प सरीरी" ऐकू आलं तेव्हा दोघी एकदमच उठल्या.

हे असं चालू झालं, पण सरळ चाललं असतं तर ते आयुष्य कसलं. त्याच वर्षी जुलैच्या झिमझिमीत आतोबांना ताप आला. एवढं जपून, मफलर बांधून ताप आला. तो उतरेना तशी कुसुमनं आपली ट्रंक भरली. कुठे जाणार होती कोण जाणे. मी गेल्यावर तरी यांना बरं वाटेल, एवढंच आत्याला म्हणाली. आतोबांच्या कानावर ते गेलं. मी पोचलो तेव्हा हे महाशय पलंगावर बसून कोटाची बटणं लावत होते. मला म्हणाले, किक मार. मी नाही म्हटलं, आत्या ओरडली, काही उपयोग नाही. शेवटी मी पुढे बसलो, ते मागे बसून मला धरून राहिले, त्यांच्या अंगाचा चटका माझ्या पाठीला लागत होता. कुसुमला समोर उभं केलं, आणि आम्ही कोपऱ्यावरच्या गणपतीपर्यंत जाऊन परत आलो. "बघ, आलो," एवढं तिला सांगून ते पलंगावर आडवे झाले. ताप आणखी चार-पाच दिवस राहिला. कुसुमनं ट्रंक मात्र रिकामी केली.

त्या साली आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, गल्लीतल्या सायकली, टांगे, एका डॉक्टरांची मोटार, सगळ्यांना झेंडूच्या माळा चढल्या. आतोबा म्हणाले, आमच्या गाडीची पूजा कुसुम करील. इथे आत्यासुद्धा अडली. जिनं त्या पोरीला पोटच्या लेकीसारखं ठेवलं होतं तीच म्हणाली, तेवढं नको हो, स्वल्प लोकांचंही बघा.  मग आतोबांनी गाडीला त्या वर्षी फूलही वाहू दिलं नाही, आणि चाकाखाली लिंबू न ठेवता ती तशीच निघाली. पुढच्या वर्षी आतोबा काही बोललेच नाहीत. नवमीला सकाळी कुसुम नाहून, हातात तबक घेऊन आपणच बाहेर आली. तोवर ती शिवणाच्या वर्गात शिकवायला लागली होती, गल्लीतल्या निम्म्या पोरींचे परकर तिच्या हातचे असायचे. तिनं गाडीला हळद-कुंकू लावलं, आणि चाकाखाली लिंबं ठेवायला आत्या खाली बसली.

हप्ते फिटले. आतोबांना पंचावन्न पुरी झाली, छापखान्यातून हार घालून घरी पाठवलं, आणि घराण्यातला पहिला पुरुष म्हणून ते छप्पन्नाव्यात शिरले. त्या दिवशी त्यांनी एक मिरचीभजं खाल्लं, अर्धं मला दिलं. मग दीड-दोन वर्षांत पोटाचं दुखणं निघालं, आणि डॉक्टर आत्याशी बोलताना आवाज खाली करायला लागले. एके दिवशी आतोबांनी मला बोलावून घेतलं आणि उलटतपासणी सुरू केली. वय काय, सर्दी वरचेवर होते का, आईच्या माहेरी कोणी लवकर गेलंय का, आईचे वडील कशानं गेले. मी म्हटलं, आजोबा ब्याऐंशीचे होऊन गेले, झोपेत. त्यांचा चेहरा उजळला. "मग गाडी तुझ्या नावावर करून घे. मला आता सवड हवी आहे." मी समजलो. माझ्या आईनं ऐकून दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, पण मी सह्या केल्या. ते कागद पक्के होऊन आले तेव्हा त्यांनी ते उशीखाली ठेवले. त्यानंतर त्यांनी औषधाला नाही म्हणायला सुरुवात केली, आणि थोड्याच दिवसांत, मफलर न बांधता, ते गेले.

दहाव्याला माणसं जमली होती. आतोबांच्या एक दूरच्या बहीण सुस्कारा टाकून बोलल्याच, की कितीही म्हटलं तरी त्या गाडीचा पायगुण. आत्यानं मान खाली घातली. मला राग आला. तेव्हा आतून कुसुम आली. इतक्या वर्षांत मी तिला चार माणसांत बोलताना ऐकलं नव्हतं. आतोबांना ती काका म्हणायची आणि मला अण्णा. ती म्हणाली, "गाडी काकांची नव्हती. अण्णांची आहे, आणि अण्णा हे इथं धडधाकट उभे आहेत." आणि माझ्याकडे बोट दाखवून, पदर सरळ करून, ती सगळ्यांसाठी कॉफी करायला आत गेली.

पुढच्या सोमवारी सव्वाआठला मी गाडी फाटकाशी काढली. हाक मारायचीही गरज पडली नाही. कुसुम येऊन समोर उभी राहिली, हातात आतोबांचा मफलर होता. "जाऊन या, अण्णा," म्हणाली. मार्च संपत आला होता, मफलरची काहीएक गरज नव्हती. पण तो हातात घेतला तेव्हा त्याला त्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास आला, आणि मला त्या माणसाची अशी आठवण आली की किक दोनदा हुकली. मी मफलर कानावरून घट्ट गुंडाळला आणि गाडी चालू केली. पुढे रस्ता मोकळा होता. तरी मी दुसऱ्या गिअरवरच गेलो.