नुसती पोच

आमच्या प्रयोगशाळेतल्या पॉवर कन्व्हर्टरचा मला मनापासून राग आहे. व्होल्टेज उतरव, अशी आज्ञा मायक्रोकंट्रोलरने सिरियल केबलवरून धाडली, की तो ताबडतोब ‘मिळाली’ अशी पोच देतो आणि व्होल्टेज मात्र तसंच ठेवतो.

आज सकाळी पडद्यावर पोच वाचून माझी सहकारी वैशाली वायर सोडवायला वाकली. मीटर अजून चढलेलाच होता. “हात काढ!” मी ओरडले. तोवर ठिणगी उडाली आणि तिची बोटं भाजली.

विभागप्रमुख आले. मी म्हटलं, “सर, हा कन्व्हर्टर बदला म्हणून कधीपासून सांगतेय मी!”

“हो हो, आहे माझ्या लक्षात,” ते शांतपणे म्हणाले.

वैशाली नळाखाली हात धरून रडत होती. मला वाटलं, तोंडावर नाही म्हणणारा माणूस परवडला. त्याच्याशी भांडता तरी येतं. हे हो म्हणणारे आपल्याला बेसावध करतात, आणि भाजतं ते आपल्यालाच.

मी मेन स्विच पाडला आणि फ्यूज उपसला.

“अहो, दुपारी पाहुणे येणारेत प्रयोगशाळा बघायला!” सर म्हणाले.

फ्यूज पर्समध्ये टाकून मी वैशालीला दवाखान्यात घेऊन निघाले.